ब्लू हेरनची मागची भिंत

होझिया मार्चबँक्स पन्नासेक वर्षांनी टॅरल्टनला परत आला तो सही करायला नव्हे, भावाला बघायला. बसमधून उतरल्या उतरल्या त्यानं ओझेलाला तसं सांगूनच टाकलं.

"लेम मला पुरता विसरायच्या आत त्याला बघून जातो. दोन दिवस राहीन. त्या हॉलचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत," ओझेला म्हणाली आणि दिराची पेटी गाडीत ठेवली. घरी पोचेपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. तोंड उघडलं असतं तर दुसरं काही बाहेर पडलंच नसतं.

हॉल म्हणजे ब्लू हेरन. ओढ्याकाठच्या सखल भागाला गावात खालची आळी म्हणतात. पूर्वी काळ्या माणसाला घर बांधायचं तर तिथंच बांधावं लागे, कारण पूर आला की पहिलं पाणी तिथं शिरे. त्या आळीत ओझेलाच्या सासऱ्यानं, सीफस मार्चबँक्सनं, विटा जमवून जमवून हा नाचगाण्याचा हॉल उभा केला होता. दारावर निळा बगळा रंगवला होता. देशभर गाजलेले काळे बँड इथं वाजवायला येत. गावातल्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे, म्हणून आळीतल्या घरांत झोपत आणि सकाळी त्या घरच्या बाईच्या हातची पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा खाऊन पुढच्या गावाला जात. शनिवारी संध्याकाळी तीन तीन जिल्ह्यांतून माणसं लोटत. पुढं कायदे बदलले, काळ्यांना सगळीकडची दारं उघडली आणि ब्लू हेरनचं दार मिटलं. सीफस मृत्युपत्र न करताच गेला. हॉल दोन मुलांच्या नावावर झाला, थोरला लेम्युएल आणि धाकटा होझिया. लेम इथंच राहिला, होझिया डेट्रॉइटला. हॉलमध्ये कबुतरं राहिली.

ओझेला शाळेत गाणं शिकवायची. निवृत्त झाली त्याच वर्षी लेमच्या डोक्यातली एकेक खोली बंद व्हायला लागली, आणि तिनं हॉल उघडायचं मनावर घेतलं. चर्चचे रेव्हरंड प्रुइट, केस करणारी वर्नेटा, गवंडीकाम करणारा थेरॉन आणि आळीतली वीसेक माणसं धरून तिनं समिती केली. संध्याकाळी नाचगाणं, दिवसा मुलांचे संगीताचे वर्ग, बाजूला स्वयंपाकघर, असा बेत होता. चार वर्षं मासे तळून विकले, जुने कपडे धुऊन विकले, गाणी गाऊन टोपी फिरवली. शेवटी राज्याच्या वारसा निधीनं छप्पर आणि भिंती करून द्यायचं कबूल केलं. अट एकच, दोन्ही मालकांची संमती हवी. लेमच्या वतीनं ओझेलाला सही करता येत होती. होझिया मात्र हॉलचा विषय निघाला की फोन ठेवत होता.

आणि आता नगरपालिकेनं दारावर नोटीस डकवली होती. इमारत धोकादायक आहे, ऑक्टोबर संपायच्या आत दुरुस्तीचा करार करा, नाहीतर पाडतो. ओढ्याकाठी नव्या इमारती बांधू पाहणारा एक बिल्डर अधूनमधून गाडी लावून हॉलकडे बघत बसायचा. कसाई गाईकडे बघतो तसा, असं वर्नेटा म्हणायची.

त्या दिवशी ओझेलानं कोंबडी तळली, पालेभाजी शिजवली, कॉर्नब्रेड केला. लेम टेबलाशी बसला होता. होझिया समोर येऊन बसला, तर त्यानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं.

"लेम, मी होझिया."

"हं," लेम म्हणाला. विम्याच्या एजंटाला म्हणावं तसं.

होझिया जेवला नाही. लेमची बोटं टेबलाच्या कडेवर एकसारखी हलत होती, सॅक्सोफोनच्या कळांवर हलावीत तशी. होझिया त्या बोटांकडे बघत राहिला. मग एकाएकी उठला आणि टोपी घातली.

"चल," तो ओझेलाला म्हणाला. "दाखव तुझा हॉल. एकदाचं होऊन जाऊ दे."

तिच्या जिवात जीव आला. शेजारणीला लेमजवळ बसवून ती निघाली. रस्ताभर बोलत होती. छप्पर कसं होईल, रंगमंच तोच ठेवणार, पोरं किती येतील. समितीनं छापलेलं पत्रकही तिनं त्याच्या हातात दिलं. त्यावर तिचीच गोष्ट होती. चार वर्षं ती शाळांत, चर्चमध्ये, वर्तमानपत्रवाल्यांसमोर तीच सांगत आली होती. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात ती एकोणीस वर्षांची होती, ब्लू हेरनच्या लाकडी फरशीवर नाचत होती, अंगात पिवळा झगा. लेम सॅक्सोफोन वाजवत होता. बँडनं एक द्रुत गाणं संपवलं आणि न थांबता तेच पुन्हा धरलं, मग तिसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. सगळा वेळ लेमची नजर तिच्यावर होती. ती थांबू नये म्हणून तो थांबत नाहीये, हे तिला तेव्हाच कळलं. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

होझियानं चालता चालता ते वाचलं. घडी घातली आणि तिला परत दिलं.

हॉलपाशी पोचल्यावर ओझेला पुढच्या दाराचं कुलूप काढायला लागली, तर तो तिथं नव्हताच. तो बाजूनं वळून मागच्या बोळात गेला होता. ती मागोमाग गेली. बोळात कमरेएवढं गवत होतं. मागच्या भिंतीत एक लोखंडी दार होतं, गंजून भिंतीशी एकजीव झालेलं. होझिया त्या दारासमोर उभा होता आणि टोपी त्यानं काढून हातात घेतली होती.

"इथं," तो म्हणाला.

"काय इथं?"

"तुझं ते गाणं तीनदा वाजत होतं ना, तेव्हा मी इथं होतो."

ओझेलाला काही कळेना.

"त्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसलो होतो. कॉफी मागितली. आठवतं?"

"आठवतं. तुम्हाला हाकलून दिलं होतं."

"हाकललं, पण चेहरे लक्षात ठेवले. संध्याकाळी पप्पांनी मला बर्फ आणायला पाठवलं. मी लाद्या घेऊन बोळात शिरलो तर पोलीस उभेच होते. तिघं." तो सावकाश बोलत होता, दुसऱ्याची हकीगत सांगावी तसा. "दार तेव्हा आतून बंद होतं. मी ठोकलं. डोक्यानं ठोकलं म्हण, हात धरले होते त्यांनी. दाराला वर झरोका होता. तो उघडला. पप्पांचे डोळे दिसले मला. त्यांनी पाहिलं, सगळं पाहिलं. मग झरोका बंद झाला, आणि आत बँड मोठ्यानं वाजायला लागला."

ओझेलानं भिंतीचा आधार घेतला आणि मग हात झटकन काढून घेतला.

"आत चारशे माणसं होती," होझिया म्हणाला. "बातमी आत गेली असती तर सगळी बाहेर धावली असती, आणि पोलिसांच्या हातात बंदुका होत्या. म्हातारा मनात हिशेब करून मोकळा झाला. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं. मला कळतं गं ते. कळलं म्हणून काय सुटतं का?"

"तू मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेलास, असं सांगितलं आम्हाला."

"ह्या कानानं ऐकू येत नाही मला," तो डाव्या कानाला बोट लावून म्हणाला. "कारखान्यात त्याचा फायदाच झाला."

  शेवटी ओझेलानं विचारलंच.

"लेमला माहीत होतं?"

"ते तुला माहीत पाहिजे. जन्मभर त्याच्या शेजारी तू झोपलीस."

"तो ह्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही."

"मग माहीत असणार," होझिया म्हणाला.

परत येताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालली. ओझेलाच्या हातात ते पत्रक होतं, आणि ते कुठं टाकावं हे तिला सुचत नव्हतं. हॉल जाणार हे तिला कळून चुकलं होतं, पण ते दुःख मागं कुठंतरी उभं होतं. पुढं होता तो पिवळा झगा. तिच्यावर खिळलेली ती नजर प्रेमाची होती की घाबरलेल्या पोराची? बापानं थांबू नकोस म्हटलंय, दाराकडे बघायचं नाही, म्हणून समोर नाचणाऱ्या कुठल्याही पोरीकडे बघत राहणाऱ्या पोराची? विचारायला माणूस घरात होता. पण तिनं विचारलं असतं तर तो "हं" म्हणाला असता.

घरी लेम खिडकीशी उभा होता. होझिया दारात आला, डोक्यावर टोपी, पाठीमागं ऊन. म्हातारपणी तो हुबेहूब बापासारखा दिसायला लागला होता. लेमनं त्याला पाहिलं आणि तो एकदम ताठ झाला. दोन्ही हात छातीशी गेले, वाद्य धरल्यासारखे.

"मी थांबलो नाही, पप्पा," तो म्हणाला. "बघा ना. थांबलो नाही मी."

शेजारीण हसायला लागली होती, ती ओझेलाचा चेहरा पाहून गप्प झाली. लेमची बोटं हवेत भराभर चालली होती, आणि तो रडत होता.

होझिया दारातच खिळून राहिला. ओझेलाला वाटलं, हा आता पेटी उचलून निघून जाईल. पण तो पुढं आला, भावाचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत धरले आणि खाली आणले.

"बस झालं, लेम," तो म्हणाला. "आता थांबलास तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी होझिया कॉफी पिता पिता म्हणाला, "सही करतो. पण ती मागची भिंत पाडायची."

ओझेलानं कप खाली ठेवला. "छप्पर त्या भिंतीवर आहे, होझिया."

"मग भोक पाडा. मोठं पाडा. आत नाचणाऱ्याला बोळ दिसला पाहिजे. बोळातल्या माणसानं हाक मारली तर ती आत ऐकू आली पाहिजे. तेवढं करा, मग मी काय लागेल तिथं सही करतो."

समिती चर्चच्या तळघरात जमली. होझियानं सांगितलेली हकीगत ओझेलानं उभं राहून सगळ्यांना सांगितली. त्यानं तशी परवानगी दिली होती, पण स्वतः तो लेमजवळ बसून राहिला.  समोर बसलेल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांनी त्या रात्री हॉलच्या फरशीवर नाचताना पाय आपटले होते.

मग रेव्हरंड प्रुइट उठले. भला माणूस, पण दमलेला. "सिस्टर ओझेला, भिंतीचं तुम्ही कळवलंत तेव्हा आज सकाळीच मी निधीच्या अधिकारीबाईंशी बोललो. मूळ भिंतीला हात लावला तर ती वारसा इमारत राहत नाही. निधी रद्द. त्या म्हणाल्या, बाहेरून एक पाटी लावा, घडलं ते लिहा, पण वीट हलवू नका."

"पाटी," वर्नेटा म्हणाली. "पोलिसांनी पोराचं डोकं फोडलं, तर वाचायला पाटी. वा."

"वर्नेटा, छप्पर तुझ्या जिभेवर उभं राहणार आहे का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"राहिलं असतं तर केव्हाच राहिलं असतं. मजबूत आहे."

कोणी फारसं हसलं नाही. मग सगळेच एकदम बोलायला लागले. होझियाला समजावा. त्याला मिस्टर सीफसच्या आत्म्याची शपथ घाला. निधी आधी घ्या, भोकाचं मागाहून बघू. ह्यावर ओझेला म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडून सही घ्यायची आणि झरोका लावून टाकायचा. पुन्हा."

"सिस्टर," रेव्हरंड हळूच म्हणाले, "सही नाही तर हॉल नाही. निधी नाही तर छप्पर नाही. तुम्ही मला सांगा, ह्यात उरतं काय?"

 चार वर्षं ती ह्या माणसांना सांगत आली होती की होईल, धीर धरा. आता तिलाच धीर नव्हता. तरी ती म्हणाली, "मी लेमची सही भोकासाठी करणार आहे. ज्याला माझ्याबरोबर थांबायचं त्यानं थांबावं."

वीसांतली अकरा माणसं राहिली. रेव्हरंड समितीतून बाहेर पडले. मात्र तळघराची किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

होझियानं थेरॉनशी केलेल्या दुरुस्तीच्या करारावर सही केली. नगरपालिकेनं जूनपर्यंत मुदत दिली. निधीवाल्यांचं पत्र आलं, फार सभ्य भाषेत, की खेद आहे.

भिंतीला पहिला घाव होझियानं घातला. थेरॉननं आधी छपराखाली ओंडक्यांचे टेकू दिले होते, आणि कुठून फोडायचं ते खडूनं आखून दिलं होतं. होझियानं सात-आठ घाव घातले असतील, तेवढ्यात त्याचा श्वास फुलला आणि तो गवतात बसला. मग ओझेलानं घण घेतला. तिला तो पेलत नव्हता, तरी तिनं कोणाला दिला नाही. ती सासऱ्याला मारत होती, लेमला मारत होती, पिवळ्या झग्यातल्या त्या मूर्ख पोरीला मारत होती. शेवटी थेरॉननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस ओझेला, आता मला द्या. विटा वेड्यावाकड्या फोडल्यात तर मलाच नीट कराव्या लागतील." संध्याकाळपर्यंत भिंतीत दोन माणसं रुंद, पुरुषभर उंच वाट झाली, आणि इतक्या वर्षांनी फरशीवर मागच्या बाजूनं उजेड पडला. कबुतरं त्या वाटेनं निघून गेली. तेवढा एक फायदा झाला.

होझिया दोन दिवसांसाठी आला होता, तो हिवाळाभर राहिला. लेम आता त्यालाच पप्पा म्हणायचा आणि त्याच्याच हातून खायचा. ओझेलानं भरवलं तर तोंड मिटायचा. बायकोचं नाव तर तो केव्हाच विसरला होता. सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून ती दोघा भावांना बघायची, आणि आपण ह्या घरात कोण आहोत, हे तिला सांगता आलं नसतं.

कामाला कधी पाच माणसं येत, कधी तीन. छपराचा एक तृतीयांश भाग झाला, बाकीच्यावर ताडपत्री होती. फेब्रुवारीत वादळ झालं आणि ताडपत्री फाटून ओढ्यात जाऊन पडली. पाऊस दोन दिवस नाचाच्या फरशीवर कोसळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ओझेला, वर्नेटा आणि होझिया बादल्या घेऊन गेले तेव्हा थेरॉन आधीच येऊन गुडघ्यांवर बसला होता. मेपलच्या फळ्या फुगून उभ्या राहिल्या होत्या.

"संपलं हे," तो म्हणाला. "एक फळी वाचणार नाही."

ही फरशी सगळ्यात जपायची होती. छप्पर नवं चाललं असतं, भिंती नव्या चालल्या असत्या. पाय ह्याच फळ्यांवर पडले होते. ओझेला रंगमंचाच्या ओल्या कडेवर बसली. भोकातून थंडगार वारा येत होता.

"तू आला नसतास तर बरं झालं असतं," ती होझियाला म्हणाली. आवाज चढवला नाही. "हॉल पाडला असता त्यांनी. पण माझ्याजवळ एक चांगली संध्याकाळ राहिली असती."

वर्नेटानं बादली खाली ठेवली.

"मलाही तसंच वाटतं," होझिया म्हणाला. "रोज वाटतं. तिकडं मी सुखात होतो. निदान एकटा तरी होतो."

"मग जात का नाहीस?"

"लेमला कोण भरवणार?"

  ओझेलाला रडू आलं असतं, पण वर्नेटाच आधी नाक पुसायला लागली. बाहेर ओढा दुथडी भरून वाहत होता. थोड्या वेळानं थेरॉननं पहार आणली आणि कोपऱ्यातली पहिली फळी उचकटली. खालचे वासे मात्र कोरडे निघाले. त्यानं नखानं खरवडून पाहिले आणि मान हलवली. हे धरतील म्हणाला. वर काय घालायचं ते पुढचं पुढं.

जूनमध्ये नगरपालिकेचा माणूस आला. छप्पर अर्धं झालेलं, फरशीच्या जागी उघडे वासे, मागं भिंतीत खिंडार. तो बराच वेळ वर-खाली बघत होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसरीकडे स्वस्त जमीन मिळाली म्हणून बिल्डर निघून गेला होता, आणि आता हॉल पाडायची कोणाला घाई नव्हती. त्यानं डिसेंबरपर्यंत मुदत वाढवली आणि बजावलं, "पुढच्या वेळी मात्र सबबी सांगू नका मला."

"पुढच्या वेळी फरशी असेल," ओझेला म्हणाली. तिला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

तो गेल्यावर ती वाशांवरून तोल सावरत रंगमंचापर्यंत गेली. त्या दिवशी होझिया लेमला घेऊन आला होता. दोघे भाऊ बोळात, खिंडाराच्या उंबऱ्याशी दोन खुर्च्या टाकून बसले होते. होझिया सफरचंद कापून एकेक फोड भावाच्या हातात देत होता. लेमनं आत पाहिलं. ओझेला रंगमंचावर उभी होती. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि ती नजर कसली आहे, हे तिला ह्या खेपेलाही कळलं नाही. तिनं हात वर केला. त्यानं फोड तोंडात घातली आणि मान फिरवून रस्त्याकडे बघायला लागला.

मग थेरॉननं हाक मारली. लाकूड आलं होतं, जुन्या शाळेच्या व्यायामशाळेच्या फरशीचं, कोणीतरी फुकट दिलेलं, खिळ्यांनी भरलेलं. ओझेलानं हातमोजे चढवले आणि फळ्या उतरवून घ्यायला गेली.